पेन्सिल न लावलेला फोटो

माझे मामा मल्लप्पा मयताचे फोटो काढण्यात सोलापुरात नावाजलेले होते. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा, मीही पुष्कळ हसले आहे. लग्नाचे फोटो काढणारे आमच्या शुक्रवार पेठेतच चौघे होते. पण माणूस गेलं आणि घरात त्याचा एकसुद्धा फोटो नाही असं ध्यानात आलं, की लोक मामांकडे धावत यायचे. आम्हा लिंगायतांत मयताला बसवून पुरतात. त्याआधी घरी भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून, गळ्यात हार घालून बसवतात. मामा जायचे, रडणाऱ्या बायकांना हळू आवाजात बाजूला सरायला सांगायचे, त्या माणसाची कललेली मान आपल्या हातानं सरळ करायचे आणि एकच फोटो काढायचे. "जित्या माणसाला दुसरा चान्स असतोय," ते म्हणायचे, "ह्यांचं एकातच यायला पायजे."

फोटोतले डोळे अर्थात मिटलेले असायचे. ते उघडायचं काम घरी चंद्रव्वामामीचं. निगेटिव्हवर सुईसारखी टोकदार पेन्सिल फिरवून ती डोळ्यांतलं पांढरं भरायची, मग छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशनं बुबुळं काढायची. एवढं झालं की गेलेला माणूस समोर बघत असायचा. घरचे लोक फोटो हातात घेऊन म्हणायचे, "अगदी असंच बघायचे हो आमचे अप्पा!" मामीनं त्या अप्पांना जन्मात पाहिलेलं नसायचं.

मामा-मामींना मूल नव्हतं आणि माझ्या आईला आम्ही पाच जणी. म्हणून मी, रुद्राणी, चौदाव्या वर्षी मामांकडे राहायला आले ती तिथलीच झाले. मामीनं मला पेन्सिल धरायला शिकवलं. देवीचे वण बुजवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, तिरळ्या नवरदेवाला सरळ बघायला लावायचं. थोडक्यात, खोटं असं करायचं की ते खऱ्याहून बरं दिसलं पाहिजे. त्यात मी लवकर तयार झाले आणि मला त्याचा अभिमानही होता.

मामा स्वभावानं थट्टेखोर. लोकांच्या दुःखात गंभीर तोंड करून उभं राहून राहून जे काही आत साठत असेल, ते सगळं घरी थट्टेच्या रूपानं बाहेर पडायचं. आणि घरी त्यांच्या तावडीत सापडायला मामीशिवाय होतं कोण? तिच्या कन्नड हेलाची नक्कल, तिच्या अंबाड्याची थट्टा, तिच्या माहेरच्या बैलांची थट्टा. ती हसून सोडून द्यायची. एक गोष्ट मात्र तिनं सोडून दिली नव्हती, आणि ती मला समजायला पुष्कळ वर्षं लागली.

मामीचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, अर्ध्या कन्नड मुलखातलं. गावाला लागून तळं होतं. लग्न झालं त्या वर्षी, बावन्न साली, एकदा जेवताना तिनं नव्या नवऱ्याला मोठ्या हौसेनं सांगितलं, की लहानपणी तळ्यावर धुणं धुवायला गेले असताना मी टिबुकली बघितली, आणि तिची पिल्लं तिच्या पाठीवर बसून पाण्यातून फिरत होती. टिबुकली म्हणजे मुठीएवढा पाणपक्षी, दिसला न दिसला तोच बुडी मारतो. मामांनी घास हातात तसाच धरून हसायला सुरुवात केली. मग ते हसणं त्यांना वर्षानुवर्षं पुरलं. पाहुणे आले की सांगायचे, लग्नाच्या पंगतीत सांगायचे. "आमच्या हिच्या गावात पाखरं पोरांना पाठकुळी घेतात! बैलगाडीचं भाडं वाचतंय." सगळे हसायचे. जावा-नणंदा विचारायच्या, "चंद्रव्वा, आज पाठकुळी कोण?" मामीही त्यांच्याबरोबर हसायची. आणि त्यानंतर तिनं आपल्या लहानपणाची एकही गोष्ट कुणाला सांगितली नाही. बायका माहेरचं कितीतरी बोलतात, मामीच्या तोंडून मी सहा वर्षांत माहेरचं अक्षर ऐकलं नाही. अपवाद एवढाच, की एकदा काम शिकवता शिकवता तिनं मला ही टिबुकलीची गोष्ट सांगितली, तेव्हा म्हणाली, "खोटं असतं तर राग आला नसता गं. मी डोळ्यांनी बघितलं होतं की."

त्र्याहत्तरच्या थंडीत मामीला दिव्याभोवती रंगीत वर्तुळं दिसू लागली. डोकं ठणकायचं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाच्या थेंबांवर टिकेल तेवढी टिकवायची, असं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली. उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि डावा कडेनं आत आत मिटत चालला होता. पेन्सिल माझ्याकडे आली. मामी खिडकीशी बसून माझं काम तपासायची. मामांची थट्टा त्या दिवसापासून जी बंद झाली ती झालीच. घर इतकं शांत झालं, की शेजारच्या पद्मशाली लोकांच्या मागांची खटखट आम्हाला पहिल्यांदाच ऐकू यायला लागली असं वाटायचं.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात मामा हिप्परग्याच्या तलावापलीकडच्या एका खेड्यात म्हातारीचा शेवटचा फोटो काढायला सायकलवरून गेले. आमच्यात सूतक पाळत नाहीत. पण मामांची आपली सवय, मयताचा फोटो काढून आलं की अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी परतताना ते तलावातच उतरले. गळ्याइतक्या पाण्यात, लव्हाळ्याच्या कडेला, उन्हानं भाजलेलं अंग निवत उभे राहिले. पाण्यावर नुसतं डोकं. तेवढ्यात लव्हाळ्यातून टिबुकली निघाली आणि त्यांच्यापासून चार हातांवरून पोहत गेली. तिच्या पाठीवरच्या पिसांतून दोन चिमुकली डोकी बाहेर बघत होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. मामांनी श्वास सोडला असेल किंवा काय, ती लव्हाळ्यात गेली ती गेलीच.

ते घरी आले ते ओल्या धोतरानं थेट डार्करूममध्ये. तिथं मी होते. लाल दिव्यात त्यांचा चेहरा बघून मी घाबरलेच.

"रुद्रा, ती खरं बोलत होती," मामा म्हणाले.

"कोण?"

"तुझी मामी. बावीस वर्षं." आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "मग इथं काय उभे राहिलात? जाऊन सांगा की तिला!"

ते स्टुलावर बसले. "आता सांगून काय उपयोग? तिला वाटंल, डोळं चाललं म्हणून ह्यो माझं मन राखतोय. कीव करतोय. बावीस वर्षं हसलो, आन् आता आंधळी व्हायला लागल्यावर म्हणू, व्हय गं तुझंच खरं? मी तिच्या जागी असतो तर मला पटलं नसतं." मग म्हणाले, "फोटो काढतो. फोटो कुणाची कीव करत न्हाई. तिचा डोळा हाय तवर तिच्या हातात ठेवतो. तू तोंड उघडायचं न्हाई."

खरं तर हे सगळं किती सोपं होतं! चार शब्द बोलून सुटण्यासारखी गोष्ट. पण हजार मयतांच्या नातेवाइकांशी गोड बोलणाऱ्या ह्या माणसाला बायकोशी ते चार शब्द बोलता येईनात. त्यापेक्षा तलावात जाऊन बसणं त्यांना सोपं वाटलं. मी कपाळावर हात मारून घेतला आणि तोंड बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा पहाटे सायकलला रोलचा कॅमेरा बांधून निघू लागले. ती पाठीवरची पिल्लं पुन्हा काही सापडली नाहीत, तलाव काय थोडा मोठा आहे? पण तलावाच्या काठावर मेंढरं चारणारा धुळा नावाचा धनगर त्यांना भेटला. वयानं साठीचा, बोलायला फटकळ. मामांची सगळी हकिगत ऐकून तो म्हणाला, "पिल्लांच्या मागं पळून काय घावणार? घरटं धरा. अंडी फुटली की पिल्लं आईच्या पाठीवर चढत्यात. समद्यांला ठावं हाय की." समद्यांला ठाऊक होतं, फक्त आमच्या मामांना सोडून.

धुळानं त्यांना घरटं दाखवलं. पाण्यावर तरंगणारा कुजक्या शेवाळाचा ढीग, लव्हाळ्याच्या काड्यांना अडकवलेला. आई उठून जाताना चोचीनं ओलं शेवाळ ओढून अंडी झाकून जायची, की बघणाऱ्याला नुसता कचरा दिसावा. मामा म्हणाले, "आपल्यापेक्षा हुशार हाय." जवळ बसायला आडोसा हवा म्हणून त्यांनी स्टुडिओतला जुना पडदा नेला. त्यावर तळं, कमळं आणि दोन राजहंस रंगवलेले होते. चार बांबू रोवून, चित्राची बाजू आत घेऊन त्यांनी कमरेइतक्या पाण्यात त्याची खोपी केली आणि स्टूल ठेवून आत बसू लागले. खऱ्या तलावात बसून मामा दिवसभर रंगवलेल्या तलावाकडे बघायचे आणि पडद्याच्या भोकातून खऱ्याकडे.

तान्ह्या मुलाचा फोटो काढताना आमच्याकडे आधी तीट लावायचा रिवाज होता. आई विसरली तर मामा स्वतः लावायचे, त्यासाठी काजळाची डबी स्टुडिओत कायम असायची. टिबुकलीच्या अंड्यांना तीट कुठं लावणार? मामांनी कॅमेऱ्यालाच लावली. मी हसले तेव्हा म्हणाले, "हस. नजर लावणारा कॅमेराच असतोय की."

तीट लावून दृष्ट टळली असेल, पण मामांच्या हातची चूक टळली नाही. घरट्यासमोर लव्हाळं दाट होतं, काड्या फोटोत आडव्या यायच्या. स्टुडिओत मामा काय करायचे? गिऱ्हाईक समोर बसलं की कपाळावरची बट बाजूला सारायची, कॉलर नीट करायची, चेहऱ्यावर उजेड मोकळा पडू द्यायचा. तेच हात, तीच सवय. सहाव्या दिवशी आई चरायला गेलेली बघून त्यांनी घरट्यापुढची आणि वरची लव्हाळी विळ्यानं साफ कापून काढली. घरटं कसं स्वच्छ उजेडात आलं. संध्याकाळी घरी आले ते खुशीत होते, मला म्हणाले, "उद्यापासनं बघ कसा फोटो येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरट्यात फक्त शेवाळ होतं. उघड्यावरचं घरटं कावळ्यांनी वरून हेरलं होतं. एक अंडं अर्धं फुटून पाण्यावर तरंगत होतं. टिबुकली लांब पाण्यात नुसती इकडून तिकडं फिरत होती आणि मधूनच तिचं ते थरथरतं ओरडणं. धुळा काठावर काठीला टेकून उभा होता. मामांना म्हणाला, "तुमी तिचं दारच काढून टाकलं की वो. घरात लेकरं, अन् दार सताड उघडं."

मामा दोन दिवस जेवले नाहीत. "मी मारली ती," असं मला डार्करूममध्ये म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. मामीनं विचारलं, पोट बिघडलंय का? ते हो म्हणाले. तिनं त्यांना ताक दिलं. मला ते बघवेना.

मामा महिनाभर तलावाच्या वाटेला गेले नाहीत. मग एक दिवस बाजाराला आलेला धुळा विचारत विचारत आमच्या स्टुडिओच्या पायरीशी उभा राहिला. म्हणाला, "तिनं पुन्ना घर बांधलंय. धा दिस झालं. मी मुद्दाम सांगितलं न्हाय. आता या. पण गवताच्या एका काडीला जरी हात लावला, तर तुमचं ते डबडं पाण्यात टाकीन." मामांनी त्याचे दोन्ही हात धरले. पेठेत लोक बघत होते, त्यांनी पर्वा केली नाही.

इकडं घरी दुसरंच घडत होतं. गणपती होऊन गेले होते. एका दुपारी मी केलेलं काम तपासायला एक निगेटिव्ह मामीच्या हातात दिलं. तिनं ते नेहमीसारखं खिडकीच्या उजेडाला धरलं, मान तिरपी केली आणि म्हणाली, "बरं जमलंय. नवरीच्या कपाळावरचा डाग तेवढा अजून दिसतोय." मी गप्प राहिले. ते एका म्हाताऱ्या किराणा दुकानदाराचं निगेटिव्ह होतं. माझ्या गप्प राहण्यानं तिला कळलं. तिनं ते हळूच माझ्या हातात परत दिलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गौरी बसल्या त्या आठवड्यात. उजेड कळतो, बाकी न्हाई. त्यांना बोलू नको, रुद्रा."

"अगं पण मामी..."

"साकु," ती म्हणाली. म्हणजे पुरे. "ते रोज उठून कुठं जातात? दिवस दिवस जातात. मला का कळत न्हाई? माझे डोळे त्यांना बघवत न्हाईत म्हणून पळतात ते. जाऊ दे. सगळंच गेलं म्हणून सांगितलं, तर घरात यायचेच न्हाईत."

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मामांना शब्द दिलेला. आणि मामांना जाऊन सांगावं, की आता फोटोचा काही उपयोग नाही, तर मामीला शब्द दिलेला. दोघंही एकमेकांच्या काळजीनं खंगत होते आणि दोघांच्या मधे मी मूग गिळून बसले होते. त्या दिवसांत मी पुतळ्यासारख्या नवऱ्या-मुलींच्या निगेटिव्हवर किती पेन्सिली मोडल्या, त्याचा हिशेबच नाही.

मामा पडद्याच्या खोपीत बसून होते. आता लव्हाळ्याला हात नव्हता. काड्यांच्या फटीतून जे दिसेल ते. त्यांनी मला सांगितलं, की नर आणि मादी आळीपाळीनं अंड्यांवर बसतात, उतरणारा चढणाऱ्याला शेवाळाचा तुकडा देऊन जातो. "आमच्यापेक्षा बरा संसार हाय त्यांचा," असंही म्हणाले. दसऱ्याच्या आठवड्यात पहिलं अंडं फुटलं. त्या दिवशीच्या रोलमध्ये एक फोटो जवळजवळ आला होता. टिबुकली घरट्याच्या कडेला, पाठीवर उंचवटा, आणि पिसांत काहीतरी अंधूक पांढरं. पिल्लू असावं, पण हललेलं.

मी ते निगेटिव्ह भिंगाखाली धरलं. दोन मिनिटांचं काम होतं. पांढरे पट्टे थोडे भरायचे, डोळ्याशी एक ठिपका, की पिल्लू जिवंत उभं राहिलं असतं. मेलेल्या माणसांचे डोळे उघडणाऱ्या हाताला हे काय अवघड? आणि खोटं तरी कुठं होतं, पिल्लू तर तिथं होतंच. मी पेन्सिल उचलली.

"ठेव ती खाली!" मामा इतक्या जोरात ओरडले, की ट्रेमधलं औषध हिंदकळलं. सहा वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मग लगेच खालच्या सुरात म्हणाले, "तिनं शिकवलंय तुला हे काम, पोरी. ती वळखंल. सगळ्या जगाला चालंल, तिला न्हाई चालणार."

ती ओळखणार कशानं, हे माझ्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मामांना वाटलं, ओरडल्यामुळे रडते आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामा भर दुपारी परत आले. अंग छातीपर्यंत चिखलानं भरलेलं. कुणाशी न बोलता डार्करूममध्ये गेले आणि रोल स्वतः धुतला. निगेटिव्ह वाळेपर्यंत त्यांनी बसवलेल्या मयताइतकी हालचाल केली नाही. मग मोठा कागद घेतला, ट्रेमध्ये बुडवला, आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आधी पाणी आलं. मग लव्हाळ्याच्या काड्या, दोन-तीन आडव्याच. मग टिबुकली, मान उंचावलेली. आणि तिच्या पाठीवर, अर्धवट उचललेल्या पंखांतून बाहेर आलेली दोन पट्टेदार डोकी. एकाच्या चोचीत पीस होतं, ही पाखरं पिल्लांना पिसंही भरवतात. मी ओरडलेच. काय सुंदर दिसत होती ती! मामांनी कागद उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला.

त्यांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, विभूती लावली. फोटो वाळवून, सपाट करून, दोन्ही हातांनी धरून ते समोरच्या खोलीत गेले. मामी खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. हातानं चाचपून निवडत होती, पण मामांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी सूप बाजूला केलं आणि फोटो तिच्या हातात दिला.

"बघ," ते म्हणाले.

मी दारात उभी होते. मामीनं फोटो उजेडाला धरला, मान तिरपी केली. थोडा वेळ तसाच धरून म्हणाली, "छान आलाय. कुणाचा?"

फोटो उलटा होता. टिबुकली वर पाय केल्यासारखी, पिल्लं खाली.

मामांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. ते तिथंच, तिच्या पायांशी जमिनीवर बसले.

"मला का न्हाई सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमी तरी कुठं सांगितलंत, रोज कुठं जाता ते?"

"ह्याच्यासाठी जात होतो. ह्या फोटोसाठी."

"काय हाय ह्यात?"

आता मात्र मामांना सुटका नव्हती. फोटोनं परस्पर सांगावं म्हणून दिवस दिवस तलावात बसलेल्या माणसाला ते तोंडानंच सांगावं लागलं. शाळेत उभं केलेल्या मुलासारखे ते अडखळत म्हणाले, "टिबुकली हाय. पाण्यात हाय. हिप्परग्याच्या तलावात." मग म्हणाले, "पाठीवर दोन पिल्लं हायत."

मामीचा चेहरा हलला नाही. "रुद्रानं काढली असतील."

"न्हाई. तिनं हात लावला न्हाई."

"मला फसवू नका. जन्मभर हेच केलंय मी, लोकांना फसवायचं." तिचा आवाज कठीण झाला होता. "कीव आली म्हणून करताय हे. रुद्रा, निगेटिव्ह आण."

मी धावत जाऊन आणलं. निगेटिव्हवर पेन्सिल तशीच धरत नाही, आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली राळ बोटानं चोळावी लागते. त्याचा वास लवकर जात नाही आणि चोळलेली जागा बोटाला किंचित चिकट लागते. मामीनं निगेटिव्ह नाकाशी नेलं. मग अंगठ्याच्या टोकानं कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू चाचपलं. परत मागं नेलं. पुन्हा चाचपलं. मामा तिच्या अंगठ्याकडे बघत होते.

"काहीच लावलेलं न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. "खरीच हायत की पिल्लं."

"खरीच हायत," मामा म्हणाले. "तुझंच खरं होतं, चंद्रा. मी गाढव. बावीस वर्षं तुला हसलो, चारचौघांत हसलो. चुकलं माझं."

ती हसली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. "अवो, त्याच्यासाठी चिखलात कशाला जाऊन बसलासा? कधीतरी एकदा नुसतं 'असंल बाई' म्हणाला असता, तरी मला पुरलं असतं."

हजार घरांत कोरड्या डोळ्यांनी उभा राहिलेला माझा मामा तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. मी दारात रडत होते. मामी एका हातानं फोटो धरून दुसरा हात त्यांच्या ओल्या केसांवरून फिरवत राहिली. बाहेर माग चालू होते, उन्हं उतरत आली होती. मी आत जाऊन चहा टाकला आणि तीन कप घेऊन परत आले, तेव्हा मामी बोलत होती. तिच्या आवाजात एक नवखा, पोरकट हेल आला होता, मी कधी न ऐकलेला.

"आमच्या गावच्या तळ्यावर अजून एक बघितलेलं मी," ती म्हणत होती. "सांगितलं तर हसाल."

मामांनी नाही म्हणून मान हलवली. मग तिला ते दिसत नाही हे लक्षात येऊन घाईघाईनं म्हणाले, "न्हाई हसणार. तू सांग."